कडेच्या माणसाची लेन्स

पावलंवाल्या चाचांची आणि माझी ओळख त्यांच्या पाठीपासून सुरू झाली. तोंड नंतर दिसलं. महाडला चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत मी टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास उघडत होते. दारात पाटी रंगवायचं काम चाललं होतं. समोरच्या फोटो स्टुडिओतून साठीकडे झुकलेले एक गृहस्थ पोटाशी कॅमेरा धरून उलटे चालत थेट माझ्याकडे यायला लागले. त्यांच्यापुढे स्टुडिओच्या पायरीवर एक मोठं कुटुंब ताठ उभं होतं. बघता बघता चाचांचा पाय माझ्या निळ्या रंगाच्या डब्यात गेला. मी ओरडले. मागे वळूनही न पाहता ते म्हणाले, "मॅडम, तू जरा बाजूला हो. माझं अजून एक पाऊल हाय." ते पाऊल त्यांनी निळ्या पायानं टाकलं, फोटो काढला आणि मग माफी मागितली. ‘मॅडम’ आणि ‘तू’ पुढची बारा-तेरा वर्षं त्यांनी एकाच वाक्यात वापरलं. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला होता, नंतर सवय झाली.

उलटं चालायचं कारण साधं होतं. चाचांकडे एकच लेन्स होती, पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. ती दूरचं जवळ आणत नव्हती आणि जवळचं दूर नेत नव्हती. तिचा डोळा मात्र मोठा, त्यामुळे अंधाऱ्या घरातही तिला दिसायचं. चौकटीत माणसं मावली नाहीत तर मागे जायचं, एवढाच उपाय. "झूमवाले लोक बसल्या जागी लेन्स फिरवतात," ते म्हणायचे, "मी स्वतः फिरतो. तब्येत बघ माझी." आजूबाजूच्या घरांची पावलं त्यांना तोंडपाठ होती. बिरवाडीला कारखान्यातल्या लोकांच्या भाड्याच्या खोल्या साडेतीन पावलांच्या, चौथ्याला मोरी. दुबईला, कुवेतला गेलेल्यांच्या बंगल्यातले हॉल नऊ पावलांचे, पण त्यासाठी सोफा सरकवावा लागे आणि तो सरकवू द्यायला घरची मंडळी तयार नसत. नवरा-नवरीला पाच पावलं पुरत. रस्त्यात कुणी भेटलं तर तब्येतीची चौकशी करण्याआधी चाचांना त्या माणसाच्या घरातली पावलं आठवत असावीत.

त्यांची दुसरी खोड आणखी विचित्र. पावलं मोजून झाली की ते कॅमेऱ्यातून बघतच नसत. कॅमेरा छातीशी आणि डोळे समोरच्या माणसांवर. "डोळ्याला कॅमेरा लावला की समोरचा माणूस श्वास कोंडतो," ते सांगायचे. "मी त्याच्याशी बोलत ऱ्हातो. त्याला वाटतं, अजून वेळ हाय." फ्लॅशचाही त्यांना मनापासून राग. फ्लॅशमध्ये चांगला माणूस चोरासारखा दिसतो, असं त्यांचं मत. आणि फोटो दोनच काढायचे. तिसरा म्हणजे हाव.

हे सगळं रोलच्या कॅमेऱ्यावर बिनचूक चाललं. मग गल्लीत डिजिटल आलं. चाचांच्या कुवेतच्या जावयानं त्यांना नवा कोरा कॅमेरा पाठवला. जुनी पन्नासची लेन्स त्याच्यावर बसली, तेव्हा चाचांनी मला बोलावून पेढा दिला. तक्रार एकच, मागच्या काचेची. फोटो निघाला रे निघाला की सगळी वरात तो बघायला धावे. "कोण म्हणतं माझे डोळे मिटले, कोण म्हणतं मी जाडी दिसते. फोटो काढू का पंचायत भरवू?" दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या काचेवर कंबरदुखीचं औषधी प्लास्टर चिकटवलं. मी इतकी हसले की क्लासमधल्या मुलींनी टायपिंग थांबवलं. पण कॅमेऱ्यातून न बघणारा माणूस आता काचेतही बघणार नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. कॉम्प्युटर शिकवणारी मी होते, चूक माझीही आहे.

पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीवर सकपाळांचं मोठं घर आहे. चार भावांपैकी तिघं मुंबईला. शिमग्याला सगळे गावी यायचे आणि पालखी घरी येऊन गेली की पडवीत अख्ख्या घराचा फोटो निघायचा. हा फोटो बावीस वर्षं चाचांनीच काढला होता. अंगणात बरोबर नऊ पावलं, आणि मग बांध. थोरला भाऊ वारल्यापासून त्याची बायको, जिला सगळं घर थोरली म्हणायचं, ती आपण होऊन रांगेच्या अगदी टोकाला उभी राहायची. वर्षभर ते घर, गुरं आणि देव सांभाळणारी तीच. बाकीचे पाहुण्यासारखे येऊन जायचे.

त्या शिमग्याला चाचांनी नव्या कॅमेऱ्यानं, जुन्या लेन्सनं, जुनीच नऊ पावलं टाकून फोटो काढला. एवढी लांब रांग त्या कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदाच उभी होती. मुंबईकरांना परतायची घाई, म्हणून लॅबमधून पाकीट बंदच्या बंद पोलादपूरच्या एसटी कंडक्टरच्या हातात गेलं. आठवड्याभरानं थोरली स्वतः खाली महाडला आली. मी तेव्हा स्टुडिओतच चहा पीत होते. तिनं पाकिटातला फोटो टेबलावर ठेवला.

"चाचा, मी कुठं हाय यात?"

चाचांनी चष्मा लावला. रांगेच्या टोकाला एक कोपर होतं आणि लुगड्याचा काठ.

"ह्ये कोपर माझं हाय," थोरली म्हणाली. "कोणी सांगितलं तुम्हाला, हिला काप म्हणून? धाकट्या भावोजींनी?"

"कोणी नाय गो," चाचा म्हणाले. "माझी चूक झाली."

"बावीस वर्षांत नाय झाली ती आताच बरी झाली." फोटो तिथंच टाकून ती निघाली. दारात थांबून एवढंच म्हणाली, की मागच्या पडवीत तिनं वेगळी चूल मांडली आहे, आणि पुढचा शिमगा झाला की ती कायमची माहेरी, भावाकडे जाणार. ज्या घरानं फोटोतून काढलं, त्या घरात राहायचं कशाला?

चाचा दोन दिवस स्टुडिओत नुसते बसून होते. एकदा गल्लीतून सरळ, पुढे तोंड करून चालत गेले, तेव्हा मला खरी काळजी वाटली. तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. "मॅडम, लेन्स तीच, पावलं तीच, मग कापली कोणी?"

मी इंटरनेट उघडलं. अर्धा तास वाचल्यावर मला जे समजलं ते त्यांना समजेना, तेव्हा मी त्यांना घरी नेऊन पोळपाटावर पोळी लाटली. म्हटलं, ही लेन्सनं आणलेली प्रतिमा. रोलवर अख्खी पोळी मिळायची. डिजिटलची फिल्म छोटी, म्हणजे ही वाटी. वाटी दाबून मी मधली पुरी कापून काढली.

चाचा कडेच्या उरलेल्या कणकेकडे बघत राहिले. "म्हणजे थोरली ह्यात गेली," ते म्हणाले. मग ती कणीक त्यांनी मला फेकू दिली नाही, तिची वेगळी पोळी करून खाल्ली.

आता उपाय दोनच. एक तर अंगणात दीडपट मागे जायचं, पण तिथं बांध होता आणि बांधाखाली उकिरडा. नाहीतर नवी लेन्स, जिच्या वाटीत जुनी पोळी मावेल. इंटरनेटवर त्यावर इतकी भांडणं चालली होती की चाचांनी विचारलं, "ही माणसं फोटो कधी काढतात?" कोणी म्हणे पन्नासचीच घ्या, पण आणखी मोठ्या डोळ्याची. कोणी म्हणे आता झूमच चांगले निघालेत. झूमचं नाव काढल्यावर चाचा उठून दारापर्यंत गेले आणि परत आले. पडवीतल्या अंधारात त्या झूमला दिसत नाही, असं मीच वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. उरली पस्तीसची, पन्नासपेक्षा रुंद बघणारी, छोटी, दिसायला गरीब.

मला क्लाससाठी सामान आणायचं होतं, म्हणून मुंबईला आम्ही बरोबर गेलो. कॅमेऱ्याच्या दुकानदारानं मखमलीवर ठेवून पन्नासची नवी लेन्स दाखवली. केवढी तिची ती काच! बोटात अंगठी दाखवावी तशी तो ती फिरवत होता. म्हणाला, हिच्यात चेहरा तेवढा राहतो, मागचं सगळं लोण्यासारखं उडून जातं.

"उडवायचं कशाला?" चाचांनी विचारलं. "मागं त्यांचं घर हाय."

मग त्यांनी दोन्ही लेन्सा तपासायला मागितल्या. दुकानातली गिऱ्हाइकं, नोकर आणि मी, असे अकरा जण काउंटरपुढे रांगेत उभे केले. स्वतः उलटे निघाले ते दार ओलांडून फुटपाथवर, तिथून एका मोजेवाल्याच्या पथारीवर. दुकानदार कॅमेऱ्यासाठी मागे धावला, मोजेवाला चाचांसाठी. जन्मात पहिल्यांदा चाचांनी कॅमेरा डोळ्याला लावलेला मी तेव्हा पाहिला. पस्तीसच्या लेन्समधून ते ओरडले, "मॅडम, पिवळ्या शर्टाला विचार, नीट उभा हाय ना?" पिवळा शर्ट रांगेच्या टोकाला होता. तो घाबरून हो म्हणाला. "घेतली! अर्धं पाऊल कमी पडतंय फक्त."

परतीच्या गाडीत मी त्यांना माझ्या मते फार हुशारीचा प्रश्न विचारला. एवढा खटाटोप कशाला, थोरलीला सरळ मधे उभं करायचं ना?

"मग दुसरं कोणीतरी कडेला जाईल ना," चाचा म्हणाले. "मॅडम, मधल्या माणसाला घ्यायला लेन्स कशाला लागते? तो कशातपण येतो. लेन्स कडेच्या माणसासाठी घ्यायची."

पुढच्या शिमग्याला ते मला साक्षीदार म्हणून वाडीवर घेऊन गेले. पालखी येऊन गेली, रांग लागली. थोरली दाराआड. चाचांनी नऊ पावलं मोजली आणि बांधावर बसून घेतलं. "मला घाई नाय," ते म्हणाले. मुंबईकर उन्हाकडे बघत उभे. धाकटे भावोजी आत जाऊन तिला विनवायला लागले, "वहिनी, चला, मधे उभ्या ऱ्हावा."

"मधे कशाला?" थोरली बाहेर आली. "होते तिथंच उभी ऱ्हाणार. बघू दे तरी ह्यांची नवी लेन्स." आणि हाताची घडी घालून टोकाला जाऊन उभी राहिली.

चाचा उठले. कॅमेरा छातीशी, डोळे रांगेवर. यंदा आंबा कसा आहे वगैरे बोलत त्यांनी पहिला फोटो काढला. मग त्यांना ते अर्धं पाऊल आठवलं असावं. "थोरली, तुझ्या बाजूला जरा मोकळी जागा सोडतो," म्हणत त्यांनी ते मागे टाकलं. तिथं बांध संपला होता.

चाचा दिसेनासे झाले. कॅमेरा धरलेले दोन हात तेवढे वर राहिले, आणि खालून आवाज आला, "मॅडम, कॅमेरा घे, कॅमेरा!" उकिरडा मऊ होता म्हणून हाडं वाचली. त्यांना ओढून काढलं ते थोरलीनंच. अंगावर दोन घागरी पाणी ओतताना ती त्यांना अखंड शिव्या देत होती आणि हसत होती. त्या घरात तिला हसताना पाहिलं नव्हतं असं मुंबईची एक जाऊ मला हळूच म्हणाली.

या वेळी पाकीट आम्ही दोघांनी उघडलं. पहिला फोटो बिनचूक होता. थोरली टोकाला, अख्खी, आणि तिच्यापलीकडे हातभर भिंतही. दुसरा पडता पडता निघालेला, सपशेल वाकडा. सगळं घर जागच्या जागी आ वासून उभं आहे, आणि रांग सोडून एकटी थोरली पुढे धावत आलेली, हात पसरून, थोडीशी हललेली, फोटोच्या बरोबर मधोमध. चाचा तो दडवून ठेवणार होते. मी तो पाकिटात टाकला.

थोरलीचा निरोप कंडक्टरबरोबर आला. पहिला नको, त्यात सगळी मेल्यासारखी उभी हायत. दुसरा मोठा करून फ्रेम करून पाठवा. मागच्या पडवीतली चूल तिनं त्याच आठवड्यात विझवली. भावाकडे ती गेली, पण चार दिवस राहायला.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी चाचा गेले. गल्ली फार सुनी झाली. दार उघडताना मी अजून बाजूला सरकायची, आणि मग वाईट वाटायचं. त्या वर्षी शिमग्याला मी एकटीच वाडीवर गेले. थोरली आता पाठीत वाकली होती. चहा झाल्यावर ती मला भिंतीवरच्या फ्रेमपाशी घेऊन गेली आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. फोटो मी कितीदा पाहिला होता, पण माझी नजर कायम मधेच गेलेली. अगदी कडेला, हवेत उडालेला एक पाय होता, चपलेसकट.

"ह्ये बघ, तुझे चाचा," थोरली म्हणाली. "कडेला हायत. पण कापले नायत."