डेससाठी वेगळा वाफा

पोर्ट वेरिलमध्ये कुणी जमिनीत भाजी लावत नाही. शंभर वर्षं शिशाची भट्टी धूर ओकतेय. तो धूर जिथं जिथं बसला तिथली माती खाण्यालायक राहिली नाही, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून इथं उंच वाफे करतात. जमिनीवर मांडीएवढी चौकट उभी करायची, तळाला जाड कापड घालायचं आणि टेकड्यांपलीकडून आणलेली माती भरायची. चौकट कशाची करायची, हे विचारायला सगळे नोएलीन पेंगिलीकडे जायचे. ती आमच्या शेजारीच राहायची, तेव्हा मीही एकदा गेले.

"घरात पोरं आहेत?" माहीत असूनही तिनं सगळ्यांना करायची तोच पहिला प्रश्न केला.

"दोन."

"मग फुकटचं काही घेऊ नकोस. द्राक्षमळ्यातले ते हिरवट खांब लोक रस्त्याच्या कडेला टाकून देतात, ते नकोत. त्यांत वाळवीचं विष मुरवलेलं असतं. जुना रंगवलेला पत्रा नको. जुन्या घराचे सिमेंटचे पत्रे तर हातातसुद्धा घेऊ नकोस. नवा पन्हळी पत्रा घे, नाहीतर चुनखडीचा दगड. दगड सगळ्यात उत्तम, पण पाठ मोडते."

तिच्या परसात पत्र्याचे तीन चकचकीत वाफे होते. पलीकडे कुंपणाला लागून रुळाखालच्या काळ्याकुट्ट लाकडी स्लीपरांचा एक जुना वाफा होता. त्यातली भाजी सगळ्यांत तजेलदार दिसत होती.

"आणि स्लीपर?" मी विचारलं.

"स्लीपर चालतात," ती म्हणाली. "नवऱ्यासाठी."

मला वाटलं थट्टा करतेय. मी हसलेसुद्धा. ती हसली नाही.

खरं काय ते मला पुढे कळलं, थोडं तिच्याकडून आणि थोडं तिच्या लेकीकडून.

डेस पेंगिली भट्टीच्या रेल्वे सायडिंगवर मुकादम होता. खनिजाची भुकटी घेऊन वाघिणी यायच्या, त्या रिकाम्या करायचे रूळ त्याच्या टोळीकडे होते. माणूस उंचापुरा आणि बोलका, पार्टीत सगळे त्याच्याभोवती. नोएलीन गावातल्या बेकरीवाल्याची मुलगी. लग्न झालं तेव्हा ती वीस वर्षांची होती. लीआन जन्मली एक्क्याऐंशीत.

लीआन तीन वर्षांची असताना गावातल्या सगळ्या पोरांचं रक्त तपासलं. हिच्या रक्तातल्या शिशाचा आकडा आमच्या रस्त्यावर सगळ्यांत मोठा निघाला. सरकारी कचेरीतली एक बाई घर बघायला आली. खिडकीच्या कडेवरून तिनं बोट फिरवलं आणि ते बोट नोएलीनसमोर धरलं.

"मिसेस पेंगिली, फरशी ओल्या फडक्यानं पुसता ना? रोज?"

नोएलीननं तोंड उघडायच्या आत डेस म्हणाला, "मी सांगून सांगून थकलो हो हिला."

नोएलीन रोज दोनदा पुसायची. पण नवराच असं म्हणाल्यावर ती गप्प बसली. बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना सांगितलं की पोरीला मातीत खेळू देऊ नका, भाजी उंच वाफ्यातलीच द्या.

नोएलीनला दगडाचा वाफा हवा होता. तिचा भाऊ दगडाची गाडी आणून टाकायलाही तयार होता. डेस म्हणाला, "तुझ्या भावाचे उपकार नकोत मला." एका शनिवारी तो ट्रकमधून आठ स्लीपर घेऊन आला. जुनं, लोखंडासारखं टणक लाकूड.

"कुठून आणलेस?"

"झाडाला लागले होते, तोडून आणले. अगं, कुठून आणणार मी? रूळ बदलले, हे काढून टाकलेले. शंभर वर्षं कुजणार नाहीत."

"स्वच्छ आहेत ना?"

"लाकूड ते लाकूड. तुला तर घर पण स्वच्छ ठेवता येत नाही, निघाली लाकूड तपासायला."

वाफा झाला. नोएलीननं स्वतः ढकलगाडीनं माती भरली, गाजरं लावली, पालकासारख्या पानांची सिल्व्हरबीट लावली. स्लीपर चांगला वीतभर रुंद, बाकासारखा. तिनं लीआनला त्यावर बसवलं आणि सांगितलं, "खाली मातीत उतरायचं नाही. खेळायचं तर इथं बसून खेळायचं." शहाणी पोर. आईनं आखून दिली तेवढीच तिची जागा. तिथं बसून दुकान-दुकान खेळायची. लाकडाच्या भेगांत करडी, चमचमती भुकटी होती, ती नखानं उकरायची आणि पानात बांधून विकायची.

"मम, चांदी घे ना. दोन पैशांची," ती आईला म्हणायची.

नोएलीन चांदी घ्यायची, पदराला हात पुसावा तसा एप्रनला पुसायची आणि पुन्हा खुरपं धरायची.

सहा महिन्यांनी आकडा वाढला. वर्षानं आणखी वाढला. नोएलीननं गालिचे काढून फेकले, पडदे फेकले. सोड्याच्या पाण्यानं तिच्या हातांना चिरा पडल्या. डेस घरी पाहुण्यांसाठी मटणाच्या चापी भाजायचा तेव्हा सगळ्यांसमोर सांगायचा, "आमची नोएलीन धूळ झाडत नाही. या खोलीतली त्या खोलीत पाहुणी म्हणून धाडते." लोक खो खो हसायचे. मी तेव्हा गावात नवी होते. मीही हसायचे.

नोएलीनचा या सगळ्याचा राग कुणावर तरी निघायचाच, तो पोरीवर निघाला. बोट तोंडात गेलं की चापट. मग बोटांना मोहरीचा लेप. मग चार महिने पोरीच्या दोन्ही हातांवर मोजे चढवून मनगटाशी नाडीनं बांधलेले. एवढ्या उन्हाळ्यात! पोर रडायची आणि बापाकडे पळायची. बाप मोजे सोडायचा आणि हातावर लिमलेटची गोळी ठेवायचा. आई मोजे बांधणारी आणि बाप गोळ्या देणारा, एवढंच पोरीला कळत होतं.

शाळेत ती मागे पडली. वाचताना अक्षरं निसटायची. दुसरीत दोन वर्षं बसली. "आमचं हे रत्न," डेस लाडानं तिच्या डोक्यावर टपली मारायचा, "जरा मठ्ठ आहे, पण मनानं चांगलं आहे." लीआनही मग कुणी नाव विचारलं की हसून सांगायची, "मी लीआन, मठ्ठ आहे मी."

ती अकरा वर्षांची होती तेव्हा डेसच्या टोळीतला मर्व्ह हॉलिगन निवृत्त झाला. क्लबात जेवण होतं. बिअरचे तीन ग्लास झाल्यावर मर्व्ह नोएलीनशेजारी येऊन टेकला.

"तुमचा वाफा अजून टिकलाय का हो? टिकणारच म्हणा! आम्हाला वरून हुकूम होता, वाघिणी रिकाम्या करायच्या धक्क्यावरचे स्लीपर खड्ड्यात पुरा, घरी कुणी नेऊ नका, भुकटी मुरलीय त्यांच्यात. आम्ही सगळे पुरत बसलो आणि डेस काय म्हणतो, 'एवढं चांगलं लाकूड मातीत घालू?' अवली माणूस!"

नोएलीन तिथून चालत घरी आली. स्क्रू-ड्रायव्हरनं तिनं भेगा उकरल्या, मुरंब्याच्या बरणीत भुकटी भरली आणि सोमवारी त्या सरकारी कचेरीत तपासायला दिली. चार दिवसांनी तिथल्या पोरगेल्याशा माणसाचा फोन आला. "बाई, हे तुम्ही भट्टीच्या आतून आणलंत का?"

त्या दिवशी डेस जेवायला बसला तेव्हा ती उभीच राहिली.

"तुला ठाऊक होतं."

"काय?"

"स्लीपर कुठले होते ते. पुरायचे होते ते."

डेस चापी कापत राहिला. "माझा बाप त्या धुळीत चाळीस वर्षं राबला. शहाऐंशीव्या वर्षी गेला, तोसुद्धा शिडीवरून पडून."

"आणि आठ वर्षं तू मला बोलत होतास. त्या बाईसमोर, सगळ्यांसमोर."

त्यानं सॉसची बाटली उलटी करून ठोकली. "कुणाला तरी बोल लागणारच होता. तिनं बोट तुझ्याकडे दाखवलं. मी कशाला मधे हात वर करू?"

हे तो रागानं बोलला असता तर कदाचित पुढचं घडलं नसतं. पण तो अगदी सहज बोलला.

"म्हणजे स्लीपरमध्ये काही नाही म्हणतोस?"

"काही नाही."

"बरं," नोएलीन म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात पत्र्याचे वाफे आले. जुना वाफा तिनं काढला नाही, उलट त्यात नवं शेणखत घातलं. त्या दिवसापासून तिच्या चुलीवर भाजीची दोन पातेली चढायला लागली. पहिल्यांदा ताट समोर ठेवताना तिनं सांगितलं, "हे तुझ्या वाफ्यातलं."

डेसनं ताटाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. लीआन समोर बसली होती. त्यानं काटा उचलला आणि खाल्लं.

असं एकोणीस वर्षं चाललं.

एक शब्द बोलला असता तर सुटला असता. 'चुकलो' एवढं म्हणायचं होतं. पण तो शब्द काढण्यापेक्षा त्याला ती पानं गिळणं सोपं वाटलं. नोएलीनही त्या वाफ्याची जिवापाड काळजी घ्यायची. वाळवंटाकडून उत्तरेचा भाजून काढणारा वारा सुटला की आधी त्याला पाणी, मग बाकीच्यांना. एका नाताळात मी त्यांच्याकडे जेवायला होते. डेसनं गाजरं कडेला सारली.

"का रे, काय झालं?" नोएलीननं गोड आवाजात विचारलं. "लाकूड ते लाकूड ना?"

त्यानं एकेक गाजर मोजून खाल्लं. तोवर नोएलीननं मला सगळं सांगितलं होतं. मी पुडिंग वाढून घेतलं आणि गप्प बसले. त्याची लाज आज वाटते, त्या दिवशी वाटली नाही. तेव्हा मनात आलं होतं की बरी जिरवतेय.

साठीनंतर डेसचे हात थरथरायला लागले. मूत्रपिंडं बिघडली, पायाच्या अंगठ्याला हात लावू देईना. डॉक्टर म्हणाले, जन्म भट्टीत गेलाय, असं व्हायचंच. वाफ्याबद्दल कुणी विचारलं नाही. भट्टीनं किती केलं आणि बायकोनं किती, हे कोण सांगणार?

लीआन तेव्हा तीस वर्षांची होती, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला. लग्न केलं नव्हतं. बापाची सेवा करायला ती घरी परतली. एका दुपारी आई दुकानात गेलेली असताना तिनं तिघांसाठी रांधलं. सिल्व्हरबीट तोडली ती स्लीपरच्या वाफ्यातली, कारण तीच सगळ्यांत छान दिसत होती. नोएलीन आत आली तेव्हा लीआनचा घास तोंडाशी होता. नोएलीननं पिशव्या टाकल्या आणि ताटाला असा फटका मारला की ते भिंतीवर जाऊन फुटलं.

"ते नको खाऊ! ते त्याचं आहे!"

मग नोएलीननं सगळं सांगितलं. मर्व्ह, बरणी, फोन, दोन पातेली, काही ठेवलं नाही. शेजारी माझ्या परसात कपडे वाळत घालताना मला एकेक शब्द ऐकू येत होता. तिच्या आवाजात एक प्रकारचा उत्साह होता. इतकी वर्षं तिनं हे जपून ठेवलं होतं. पोरीला कळेल, बापाचा खरा चेहरा दिसेल आणि ती आपल्या गळ्यात पडेल, असं तिला वाटलं असणार.

डेस खुर्चीत बसून ऐकत होता. तो म्हणाला, "ऐकलंस ना? तुझी मम मला विष घालत होती." तेवढ्यातही त्यानं डाव टाकून पाहिला.

लीआनला कुठलीही गोष्ट समजायला वेळ लागायचा. आधी फुटक्या ताटाचे तुकडे गोळा केल्याचा आवाज आला. मग ती बोलली.

"मी अकरा वर्षांची होते तेव्हाच तुला कळलं?"

"हो गं."

"म्हणजे मी मठ्ठ जन्मले नव्हते, हे तुला ठाऊक होतं."

लीआन थांबली नाही.

"मी शाळा सोडली तेव्हा ठाऊक होतं. मला दुकानातून काढलं, मी गल्ल्यावर चुकायचे म्हणून, तेव्हा ठाऊक होतं. मी रडत आले होते, मम. म्हणाले होते, मी अशी का? तू म्हणालीस, काही जणं असतात अशी."

"मी त्याला शिक्षा करत होते ना. तुझ्यासाठीच–"

"एकोणीस वर्षं तुला वेळ मिळाला त्याच्यासाठी वेगळं रांधायला. मला एक वाक्य सांगायला नाही मिळाला."

मग ती बापाकडे वळली. "आणि डॅड, तू मला टपल्या मारायचास." एवढंच म्हणाली.

संध्याकाळपर्यंत तिनं बॅग भरली आणि आखातापलीकडच्या गावी निघून गेली. त्यानंतर त्या घरात ती राहायला आली नाही.

नोएलीननं स्लीपर उचलायला माणसं बोलावली. ती तोंडाला फडकी बांधून आली, स्लीपर प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन गेली. डेस खिडकीतून बघत होता. त्यानंतर एकच पातेलं चढायला लागलं. दोघं एकाच पातेल्यातलं खायची आणि एकमेकांशी बोलायची नाहीत. तो दोन हिवाळे जगला. त्याच्या मर्तिकाला लीआन आली, चर्चमध्ये सगळ्यांत मागे उभी राहिली. बायकांनी चहा-सँडविच मांडायच्या आत तिची गाडी निघून गेलेली होती.

गेल्या वर्षी आखातापलीकडच्या त्या गावच्या वर्तमानपत्रात एक फोटो आला होता. मोठ्या माणसांच्या वाचनवर्गात पहिली परीक्षा पास झालेले आठ जण हातात प्रमाणपत्रं धरून उभे होते. डावीकडून तिसरी लीआन. माझ्या बहिणीनं कात्रण पाठवलं, ते मी नोएलीनला नेऊन दाखवलं. तिनं ते उजेडाकडे धरलं, लांब केलं, पुन्हा जवळ आणलं.

"चष्मा कधी लागला हिला?" तिनं मला विचारलं.

मला ठाऊक नव्हतं.