एकाच सर्कलवर चार मेडिकल

व्हाइटफील्डच्या त्या सर्कलवर उभं राहून चारी दिशांना बघितलंत, तर प्रत्येक कोपऱ्यावर औषधांचं एक दुकान दिसेल. चार कोपरे, चार मेडिकल. आणि तिथून दोन किलोमीटरवर, तळ्याकाठच्या वस्तीत, जिथे गवंडी, वॉचमन आणि घरकामाच्या बायका राहतात, तिथे डोकेदुखीची गोळीसुद्धा मिळत नाही. हे कुणाचं डोकं, असं कुणी विचारलं की शामसुंदरराव भडकायचे. कारण चारातलं पहिलं दुकान त्यांचं होतं, आणि उरलेली तीन बड्या कंपन्यांची, एका वर्षात उगवलेली.

शामसुंदरराव बेंगळुरूचेच. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी. वडिलांचं मेडिकल पेटेत, म्हणजे शहराच्या जुन्या बाजारपेठेत होतं, औषधांच्या दुकानांच्या ओळीत. तिथे दुकानाला दुकान चिकटलेलं, पण रीत अशी, की आपल्याकडे नसलेली गोळी शेजारून मागून आणायची आणि गिऱ्हाइकाला द्यायची. शेजारी म्हणजे आपलंच आणखी एक कपाट. हा समज बरोबर घेऊनच राव वीस वर्षांपूर्वी व्हाइटफील्डला आले.

गेल्या वर्षी एक तरुण दुकानासमोर उन्हात उभा दिसला. फोनवर आईशी मराठीत बोलत होता. तेवढं पुरलं. व्हाइटफील्डमध्ये घरची भाषा कानावर पडली की राव विरघळायचे. त्यांनी त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. पुण्याचा होता, नाव शंतनु. रावांच्या पत्नी हेमावतीबाई दुपारी त्यांचा डबा घेऊन येत. दुसऱ्या दिवसापासून त्यात शंतनुचाही भात येऊ लागला. तो पंधरा दिवस तिथे बसून मोबाइलवर बोट टेकवत होता. काय करतोस, विचारल्यावर म्हणाला, "सर्व्हे आहे काका." मेट्रोचं काहीतरी असेल, असं समजून राव गप्प बसले.

तो मोजत होता रावांचीच गिऱ्हाइकं. किती आली, कुठून आली, हातात काय घेऊन गेली. त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच घरचा भात खाऊन.

तीन महिन्यांनी समोरच्या कोपऱ्यावर त्याच्या कंपनीचं काचेचं चकचकीत मेडिकल उघडलं आणि शंतनु पेढे घेऊन आला. त्याला लाज वाटत नव्हती, याचंच रावांना जास्त नवल वाटलं.

"राग मानू नका काका," तो म्हणाला. "वीस वर्षं चालवून तुम्ही हे लोकेशन प्रूव्ह केलंय. इथे आमची रिस्क झीरो."

"मग तळ्याकडे जा की रे. तिथली माणसं स्वल्प खोकला झाला तरी इथवर चालत येतात."

"येतात ना? मग ती येणारच. आम्ही तिकडे गेलो, तर दुसरी कंपनी इथे मधोमध बसेल आणि इकडचे कस्टमर उचलेल. म्हणून सगळे मधेच येतात काका, एकमेकांना चिकटून."

'ती येणारच.' हे दोन शब्द रावांच्या डोक्यात गेले. म्हणजे जो चालत येतो, त्याच्या चालण्याची किंमत कुणीच धरायची नाही. त्याला पर्याय नाही, हाच यांचा हिशेब. शंतनु खोटं बोलला नव्हता. सहा महिन्यांत दुसऱ्या कंपनीनेही तोच हिशेब मांडला, मग तिसरीने.

सुरुवातीला राव पेटेच्या रीतीने वागले. आपल्याकडे नसलेलं औषध कुणी मागितलं, की "समोर मिळेल" म्हणून पाठवून द्यायचे. गेलेला एकही माणूस समोरून कधी परत आला नाही. एकदा ते स्वतः शेजारधर्माने औषधाचं एक पाकीट मागायला गेले, तर काउंटरवरच्या मुलीने आधी त्यांचा मोबाइल नंबर विचारला, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावा तसा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं.

मग त्यांनी ठरवलं, आपणही त्यांच्यासारखंच व्हायचं. प्रोटीनचे डबे, डायपर, चेहऱ्याची क्रीमं, जे त्या तिघांकडे ते आपल्याकडे. जागा हवी म्हणून क्वचित खपणाऱ्या औषधांचे खालचे दोन खण रिकामे केले.

"ती औषधं घेणारी माणसं आहेत," हेमावतीबाई म्हणाल्या.

"महिन्यातून एखादं येतं. ते तिघे ठेवतात का?" रावांनी विचारलं.

परवा सकाळी देवाप्पा आला. तळ्याकाठी राहणारा गवंडी, रावांचं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या मुलीला, सौम्याला, फिट येतात. गोळी दिवसातून दोनदा, एकही चुकता कामा नये. गावी लग्नाला अडकल्यामुळे त्याला यायला उशीर झाला होता आणि घरात एकही गोळी उरली नव्हती. सकाळची शेवटची होती.

रावांकडे ती नव्हती. ते डॉक्टरची चिठ्ठी घेऊन स्वतः समोर गेले, मग बाजूला, मग पलीकडे. तिन्ही ठिकाणी तेच डबे, त्याच क्रीमांच्या रांगा आणि तेच उत्तर: ऑर्डर करू, उद्या संध्याकाळी येईल. तिसऱ्या काउंटरवर त्यांचा आवाज चढला. "चार दुकानं आहेत इथे, चार. आणि एका पोरीला पुरेल एवढं औषध नाही?" काउंटरवरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "ही गोळी इथे खपत नाही, सर."

राव परत आल्यावर देवाप्पा कानडीत म्हणाला, "अण्णा, तुमच्याकडे तर नेहमी असायची." आवाजात तक्रार नव्हती. त्याला खरंच कळत नव्हतं.

राव म्हणाले, "होती. मीच काढून टाकली."

त्यांनी शटर ओढलं आणि देवाप्पाला घेऊन मेट्रोने पेटेत गेले. वडिलांच्या वेळचे शेजारी व्यंकोजी अजून गल्ल्यावर बसतात. त्यांनी चिठ्ठी बघितली, दोन दुकानं सोडून माणूस पाठवला आणि दोन महिन्यांच्या गोळ्या हातात दिल्या. रात्रीच्या गोळीच्या वेळेआधी देवाप्पा घरी पोहोचला.

रात्री हेमावतीबाईंनी विचारलं, "तिघांनाही चांगलं सुनावलंत म्हणे?"

"त्यांना काय सुनवायचं," राव म्हणाले. वर्षभराचा संताप तसाच होता, फक्त आता तो समोरच्या कोपऱ्याकडे वळत नव्हता. "ते मोबाइलवर माणसं मोजून आलेले. त्यांना देवाप्पा कोण, काय माहीत. मला तर त्या पोरीचं नाव माहीत होतं, हेमा."