चिलापी आणि माझा सोमवार

"मॅडम, मोजून झालं न्हवं? मंग शून्य हाय का न्हाय, तेवढं एकच सांगा," तात्या म्हणाले.

पळसदेवजवळच्या एका वस्तीवर, उजनी धरणाच्या काठाला मी उभी होते. उन्हानं टाळू तापली होती. पाणी इतकं मागे सरलं होतं की महादेवाचं जुनं देऊळ समोर पायथ्यापर्यंत उघडं पडलं होतं. माझ्या हातात रेडिएशन मोजायचं मीटर, भोवती मासेमारी करणारी माणसं आणि पायाशी चिलापी माशांनी भरलेली क्रेट. क्रेटमधला बर्फ वितळत चालला होता.

खरं तर मी तिथं असण्याचं काही कारण नव्हतं. मी रिअॅक्टर फिजिसिस्ट. अणुभट्टीच्या गाभ्यात न्यूट्रॉन नावाचे कण असतात. एक न्यूट्रॉन अणू फोडतो, त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन निघतात, ते पुढचे अणू फोडतात. सगळेच कामाला लागले तर आवरेनासं होतं, कुणीच लागलं नाही तर भट्टी विझते. चुलीवरचं दूध उतू जाऊ नये आणि निवूही नये, एवढंच माझं संशोधन. ते कॉम्प्युटरवर केलं म्हणून पीएच.डी. मिळाली. माशांशी माझा संबंध ताटापुरता.

रजा घेऊन पणदऱ्याला आईकडे आले होते, तर साहेबांचा फोन. आमच्या संस्थेचे दोघेजण उजनीवर पाण्याचं सॅम्पल घ्यायला आले होते. भट्टीजवळचं पाणी ठीक आहे की नाही हे कळायला लांबचं, साधं पाणी कसं असतं तेही माहीत असावं लागतं. म्हणून असं सॅम्पल आम्ही ठिकठिकाणी घेतो. पण हे दोघे पांढरे कोट, हातमोजे आणि मास्क घालून काठावर उतरले. मीटर टिकटिकलं. झालं! उजनीत अणू सोडला, अशी बातमी पार इंदापूरच्या बाजारापर्यंत गेली आणि वस्तीवरचा मासा कुणी घेईना.

"तुम्ही तिकडच्याच ना? जरा समजावून या," साहेब म्हणाले.

"सर, मी न्यूट्रॉन बघते. मासे नाही."

"न्यूट्रॉन दिसत नाहीत, तरी सांभाळता. मासे तर दिसतात."

साहेबांच्या लॉजिकपुढे आजवर कुणाचं चाललेलं नाही. त्या दोघांकडून मीटर घेतलं आणि निघाले.

पहिला प्रश्न हातमोज्यांचा आला. "पानी चांगलं हाय तर मोजं कशापायी?" तात्यांनी विचारलं. वस्तीतले हेच जाणते.

"पाण्यापासून आमचा हात वाचवायला नाही, तात्या. आमच्या हातापासून पाणी वाचवायला. हाताचा घाम, मीठ लागलं तर सॅम्पल खराब होतं."

हे पटलं. वर थोडं हसूही झालं. मग मी मीटर चालू केलं. टिक... टिक टिक.

"बगा, वाजतंय!" मागून अण्णा म्हणाले. अण्णा इंदापूरचे माशांचे व्यापारी. वस्तीचा सगळा माल तेच उचलायचे. आता रिकामा टेम्पो घेऊन नुसते ऐकायला आले होते. आज त्यांनी मालाला नाही म्हटलं की पुढं कोण विचारणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मी मीटर माशांजवळ धरलं, दगडाजवळ धरलं, अण्णांच्या टेम्पोजवळ धरलं. सगळीकडे तेवढंच. माती, दगड, आपलं अंग, सगळ्यांतच किंचित रेडिएशन असतं, ते जन्मापासूनचं, हे सांगितलं. सगळ्यांच्या माना डोलावून झाल्या आणि मग तात्यांनी तो शून्याचा प्रश्न विचारला.

आमच्या धंद्यात शून्य म्हणणं म्हणजे अडाणीपणा. कुठलाही फिजिसिस्ट मरेल, पण शून्य म्हणणार नाही. मीही म्हणाले, "अगदी शून्य असं काही नसतं. नैसर्गिक पातळीच्या वर काही आढळत नाही."

"म्हंजी कायतरी हाय," अण्णा म्हणाले.

सगळं मुसळ केरात. तेवढ्यात तात्यांच्या घरच्या कमलकाकू ताटली घेऊन आल्या. तव्यावरची चिलापी, कडेनं लाल झालेली. "मंग खावा की एक तुकडा. समद्यांसमोर."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आज माझा सोमवार आहे."

अण्णा खो खो हसले. "सोमवार बरा सापडला बाईंला!"

सोमवार खरा होता हो. आई पाळते म्हणून लहानपणापासून मीही पाळते. परदेशातल्या कॉन्फरन्समध्येसुद्धा मी सोमवारी उकडलेले बटाटे खाऊन न्यूट्रॉनवर बोललेली आहे. ऑफिसात चेष्टा होते, "मॅडम, न्यूट्रॉनला पण उपास का?" पण तात्यांचा उतरलेला चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी न खाता इथून गेले असते तर हा मासा इथंच सडला असता, आणि उद्याचाही.

मी खाली बसले आणि ताटली ओढली.

आता काकूच घाबरल्या. "आवं, र्‍हाऊ द्या! सोमवार मोडू नगा. समूर म्हादेव हाय!" त्यांनी ताटली मागे ओढली. मी पुढे ओढली. तुकडा उचलला, देवळाकडे बघून मनात हात जोडले आणि खाल्ला. झकास होता. दुसरा तुकडा मात्र विज्ञानासाठी नव्हता.

मग तात्या वळले. "अण्णा, बाईनं म्हादेवाच्या देखत सोमवार मोडला. आता त्या मशिनीला काय वाजायचं ते वाजू द्या."

अण्णांनी देवळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "क्रेट टेम्पोत घाला," ते म्हणाले. "बर्फ बी नवा घ्या."

साहेबांनी फोनवर विचारलं, "कशानं पटलं त्यांना? डेटा दाखवला?" मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'प्रात्यक्षिकाद्वारे शंकानिरसन.' मीटरला लोक मान देतात, विश्वास मात्र माणसावर ठेवतात, तोही त्याचं काय मोडलं ते बघून. याचा रकाना रिपोर्टमध्ये नसतो.

पणदऱ्याला पोचले तर बातमी माझ्याआधी घरात. आई दारातच उभी.

"चिलापी खाल्लीस म्हणं. किती?"

"नगण्य."

"म्हंजी किती?"

"दोन तुकडे."

आईनं देवघराकडे बघून हात जोडले. "पुढला सोमवार निर्जळी," ती म्हणाली. "पान्याचा थेंब न्हाय. शून्य."