दीपमालाचा वीस फुटी कंटेनर

मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५. भाद्रपद वद्य द्वितीया. सकाळी ढगाळ, दुपारी ऊन. नळाला पाणी पावणेसातला आले. बँकेत जाऊन पासबुक भरून आणले. साडेअकराला दीपमालाचा फोन: कंटेनर आज न्हावा शेवाला जहाजावरून उतरला. आवाजात आनंद नव्हता.

दीपमाला कोण, ते आधी सांगते. तिच्या सासूबाई कुसाबाई मखमलाबादच्या आपल्या मळ्यातून आमच्या कॉलनीत भाजी आणत. एकतीस वर्षे मी मेथी आणि गवार त्यांच्याकडूनच घेतली. आता गुडघ्यांमुळे त्या फिरत नाहीत. भाजी त्यांचा मुलगा वाल्मीक मोटारसायकलवरून पोचवतो. दीपमाला ही वाल्मीकची बायको. माहेर सायखेड्याचे, शिक्षण बी.कॉम., वय अडतीस. सासरे गोटीराम यांचे पेठ रोडला विळे, दोर आणि फवारणीच्या पंपांचे छोटे दुकान होते. ते वारल्यावर दुकान बंद करायचे घरात ठरत होते. दीपमाला म्हणाली, "एक वर्ष मला द्या." त्याला आता पाच वर्षे झाली.

द्राक्षबागेच्या छाटणीच्या कात्र्या ती मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेई. त्या चीनहून येतात हे तिने खोक्यांवर वाचले. आपणच थेट मागवल्या तर बागाईतदाराला स्वस्त देता येतील, एवढा साधा विचार करून तिने गेल्या वर्षी पंधरा खोकी मागवली. विकणारा म्हणाला, न्हावा शेवापर्यंतचे जहाजभाडे माझ्याकडे, जवळजवळ फुकटच समजा. तिला फार बरे वाटले.

माल बंदरात आला आणि इथल्या एजंटचे बिल आले. ते घेऊन ती माझ्याकडे आली. बिल इंग्रजीत होते, आणि मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले हे तिला सासूकडून माहीत होते.

"फोनवर भाषांतर होत नाही का गं?" मी विचारले.

"होतं की, मावशी. पण फोन रागवत नाही. तुम्ही रागवाल, म्हणजे माझ्या डोक्यात राहील."

बिलावर सतरा ओळी होत्या. मी पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली, ती मराठीत वहीत उतरवत गेली. माल सोडवण्याच्या पत्राचे पैसे, बंदरात माल हाताळण्याचे, गोदामाचे, कागद करण्याचे, आणि दोन ओळी अशा की त्यांचा अर्थ मलाही लागला नाही. सगळी बेरीज केल्यावर तिची कात्री मुंबईच्या कात्रीपेक्षा अकरा रुपयांनी महाग पडली. भाडे कुणी सोडले नव्हते. विकणाऱ्याच्या एजंटाने ते या टोकाला वसूल केले होते. एजंट विकणाऱ्याने निवडलेला, माल त्याच्या ताब्यात, त्यामुळे दीपमालाला घासाघीस करायला जागाच उरली नव्हती. तिचा चेहरा पाहून रागवायचे माझ्याकडून राहून गेले.

हे सगळे तिला नीट समजावले ते कुसाबाईंनी. त्या कधी समुद्रावरही गेलेल्या नाहीत.

"मार्केटात मेथी नेली की जुडीचा भाव कोण धरून बसतं?" त्या म्हणाल्या. "टेम्पो, हमाली, तोलाई, समदं जाऊन पदरात काय पडलं ते बोलायचं. तू नुसतं जहाजाचं भाडं इचारलं. उतरवायचं काय ते नाय इचारलं."

तेव्हापासून दीपमाला नुसते भाडे विचारत नाही. यंदा तिने तीन एजंटांना एकच प्रश्न केला: मळ्याच्या दारापर्यंत एकूण किती, आणि प्रत्येक ओळ आधी लिहून द्या. एक हसला, एकाने नंतर फोन उचलला नाही, तिसऱ्याने लिहून दिले. विकणाऱ्याला तिने कळवले, तुम्ही फक्त तुमच्या बंदरात जहाजावर चढवा. तिथून पुढचे भाडे, विमा आणि एजंट माझे. सुट्या खोक्यांना बंदरापाशी दुसऱ्यांच्या मालाबरोबर गोदामात जावे लागते आणि तिथेच निम्म्या ओळी वाढतात, हे तिच्या ध्यानात आले होते. म्हणून दिंडोरीचे दुकानदार रावजी आणि पिंपळगावचे एक दुकान यांना बरोबर घेऊन तिने कात्र्या आणि फवारणीच्या पाइपांनी वीस फुटी पूर्ण कंटेनर भरला. रिकामा कंटेनर परत करायला पाच दिवस मिळतात. तिने माल निघण्याआधीच दहा मागून घेतले.

"फुकट दिवस कशाला देतील ते?" मी विचारले होते.

"डबा जहाज कंपनीचा असतो, मावशी. कार्याला भाड्याची भांडी आणतो ना, तसं. वेळेत परत दिली तर ठीक, नाहीतर रोजचं भाडं. तेही डॉलरमध्ये. आणि दिवस आपल्या दारात आल्यापासून नाही मोजत, जहाजावरून उतरल्यापासून मोजतात. रविवारसुद्धा धरून."

एक चूक मात्र तिच्याकडून झाली. दीडशे डॉलर वाचतात म्हणून तिने मधल्या बंदरात बदलून येणारे जहाज घेतले. कंटेनर गौरींच्या आधी यायचा होता. तो मधल्या बंदरात पुढच्या जहाजाची वाट बघत बारा दिवस पडून राहिला आणि पितृपक्षाच्या दुसऱ्या दिवशी न्हावा शेवाला उतरला.

कुसाबाईंचे म्हणणे एका वाक्याचे होते. "पित्रात नवी वस्तू दारात यायची नाय. घट बसले की आणा."

घटस्थापना बावीस तारखेला. दहा दिवस संपणार अठराला. दीपमालाचे गोदाम कुसाबाईंच्या मळ्यात आणि किल्ली त्यांच्या कमरेला. अठरानंतर रोज चाळीस डॉलर कंटेनरचे, शिवाय बंदराजवळच्या यार्डचे भाडे आधीपासूनच वेगळे चालू. कात्रीमागे वाचलेले सहा-सात रुपये त्यातच गेले असते. रावजींनी तिला स्वच्छ सांगितले होते, "ताई, यंदा तुमच्या शब्दावर आलो. भाव चुकला तर पुढच्या साली मी आपला मुंबईवाल्याकडं." रावजी गेले की पूर्ण कंटेनर भरत नाही, आणि पूर्ण कंटेनर नसला की पुन्हा ती सतरा ओळींची वाट. हे तिला माहीत होते, मलाही.

"दुसरीकडे उतरव ना," मी फोनवर म्हणाले.

"भाडं आणि दोनदा हमाली, मावशी. तेही केलं असतं. पण आईंना चुकवून केल्यासारखं होईल. गोदाम बांधायला त्यांनी शेवंतीचे चार वाफे मोडलेत."

शुक्रवारी, बारा तारखेला, मी रिक्षाने मळ्यात गेले. वाल्मीक दारातच भेटला.

"तुम्ही आईशी बोललात का?" मी त्याला विचारले.

"मी काय बोलणार, मावशी? आईचं ऐकलं तर ही बोलत नाही. हिचं ऐकलं तर आई जेवायला वाढत नाही. उपाशी राहण्यापेक्षा अबोला परवडला." आणि तो पाण्याची मोटर बघायला निघून गेला.

कुसाबाई शेडखाली गवार निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला.

"बाई, तुमी हिच्या बाजूनं बोलाया आल्या."

"मी गवार घ्यायला आले."

"मंग पिशवी कुठंय?"

पिशवी मी विसरले होते. दीपमाला आत चहा करत होती, तिच्या हसण्याचा आवाज आला.

थोडा वेळ आम्ही दोघींनी गवार निवडली. मग कुसाबाई आपणहून म्हणाल्या, "तिचं नुकसान मला कळतं. पन दशमीला ह्यांची तिथ हाय. दुकान ह्यांनी काढलं. त्यांच्या पंधरवड्यात मी त्यांच्याच दुकानात नवा माल घालू? लोक मेलेल्या माणसाला इसरले म्हन्तील."

आमच्या घरीही पितृपक्षात मी नवे पातेले घेत नाही. का, ते स्वतःला कधी विचारलेले नाही.

चहा झाल्यावर दीपमालाने दिवस दाखवायला म्हणून जहाजाचा कागद माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावला. परत करण्याची तारीख शोधताना माझे बोट दुसऱ्याच तारखेवर थांबले. माल जहाजावर चढवला: ४ ऑगस्ट. ती तारीख माझ्या ओळखीची होती. यंदाची डायरी पर्समध्ये असतेच. मी पान काढून वाचले.

"सोमवार, चार ऑगस्ट. दुसरा श्रावणी सोमवार. साबुदाण्याचे वडे केले, तेल फार प्यायले. संध्याकाळी कुसाबाई रिक्षाने आल्या, गुडघा दुखत असून. पेढे दिले. म्हणाल्या, सुनेचा माल जहाजावर चढला, आता आपला झाला. पेढे अकरा. दोन खाल्ले, नऊ फ्रीजमध्ये."

कुसाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"अकरा नाय," त्या म्हणाल्या. "बारा व्हते."

"एक तुम्ही माझ्यासमोर खाल्लात."

"खाल्ला व्हय." त्या सुनेकडे वळल्या. "चढला तवाच आपला झाला, असं तूच बोलली व्हतीस ना?"

"हो, आई. पैसे तेव्हाच देऊन झाले. त्यानंतर जहाज बुडालं असतं तरी आपलाच माल बुडाला असता. म्हणून तर विमा आपण काढला."

"म्हंजी घेतला श्रावणात."

"श्रावणात. सोमवारी."

"पेढेबी वाटले." कुसाबाई म्हणाल्या. "मंग ही वस्तू नवी कुठं ऱ्हायली? श्रावणात घेतलेली, वाटंत रखडली. माहेराला गेलेली सून पित्रात माघारी आली तर दार लावून घेतो का आपन?"

दीपमालाने जहाजाच्या कागदाची घडी घातली. बोलली असती तर बिघडले असते, एवढे तिला सासूबद्दल कळते.

"पन दशमीला हे जेवतील," कुसाबाईंनी बोट वर केले. "त्याच्या दुसऱ्या दिशी आन. नारळ नाय, हार नाय, फोटो तर मुळीच नाय. रावजीचं रावजीला दे. आपली मातर घट बसल्याबिगर एक कात्री इकायची नाय, वापरायची नाय."

"सतरा तारीख," दीपमाला बोटांवर मोजत म्हणाली. "सतराला रिकामा निघाला तर अठराला पोचतो."

"मंग बसली काय? कर फोन."

दशमीला मंगळवारी श्राद्ध झाले. बुधवारी सकाळी सातला ट्रेलर मळ्याच्या रस्त्याला आला आणि विजेच्या तारेखाली अडला. वाल्मीकने बांबूने तार उचलून धरली, तेव्हा तो आत गेला. कुसाबाईंनी कमरेची किल्ली काढून दिली आणि स्वतः घरात जाऊन बसल्या, म्हणजे आपण पाहिले असे व्हायला नको. दुपारी पावणेदोनला कंटेनर रिकामा झाला, दोनला निघाला.

यार्डचे थोडे भाडे भरावे लागलेच. तरी कात्री मुंबईपेक्षा चार रुपयांनी स्वस्त पडली. रावजींनी आपला माल टेम्पोत भरताना भाव विचारला, मनाशी काही पुटपुटले आणि म्हणाले, "पुढल्या साली पाइप जरा जास्त घालू."

दीपमालाने तिच्या वहीत, त्या सतरा ओळींच्या खाली, दोन ओळी लिहिल्या. मला वाचून दाखवल्या: "बदलून येणारे जहाज नको, थेट घ्यावे. माल निघण्याची तारीख ठरवण्याआधी पंचांग बघावे."

गुरुवार, १८ सप्टेंबर. भाद्रपद वद्य द्वादशी. दिवसभर ऊन. अकरा वाजून वीस मिनिटांनी दीपमालाचा निरोप: रिकामा कंटेनर जमा झाला, आज दहावा दिवस. वाल्मीक गवार अर्धा किलो आणि एक कात्री देऊन गेला. घट बसेपर्यंत वापरू नका, असे कुसाबाईंनी सांगितले आहे. कात्री कागदात गुंडाळून कपाटाच्या खालच्या खणात ठेवली. गॅसचा सिलिंडर आज बदलला. अठ्ठेचाळीस दिवस पुरला.