पाण्यात उतरू नका, असं सांगताना

नदीतला गाळ कुणी काढत नाही, म्हणून तो साचतो. आमच्या किश्श्यांचंही तसंच झालंय. दर रविवारी सकाळी शनिवार पेठेजवळच्या पुलावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "नदीत सांडपाणी आहे, पाण्यात उतरू नका" असं सांगायचं, एवढाच आमचा उद्योग. त्यातून जे ऐकायला मिळतं ते घरी सांगितलं, की बायको म्हणते, "तुम्ही मनाचं घालता." नाही हो, यात एक शब्द माझा नाही.

आम्ही चौघं. रसायनशास्त्राचे रिटायर्ड प्राध्यापक लिमये काका, आयटीतली वैशाली, संतोष आणि मी. संतोष इथल्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट, घर लोणी काळभोरला. शहराचं मैलापाणी वाहत वाहत तिकडेच जातं. त्याची थोरली बहीण कुसुमताई नदीवर मोटार लावून पालक-मेथी करते. त्या पाण्यात उभं राहून तिच्या हातापायांना फोड येतात, औषधानं जातात, पुन्हा येतात. त्यामुळे संतोषचं दर मीटिंगला एकच, "पुलावर पुरे झालं. आमच्या गावात कधी जायचं?" आणि आमचं उत्तर ठरलेलं, "आधी इथे धोक्याचा बोर्ड तर मिळू दे."

*

एक गृहस्थ स्कूटर थांबवून निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन कठड्याशी आले. लिमये काका आडवे आले.

"अहो, नदी आधीच घाण आहे."

"म्हणून तर इथे आलो. स्वच्छ असती तर टाकलं असतं का? तेवढी अक्कल आहे मला."

पिशवी खाली गेली. 

*

बोर्डासाठी आम्ही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात साहेबांना भेटलो. मजकूर वाचून साहेब म्हणाले, "'पाणी दूषित आहे' असं लिहिलं तर लोक घाबरतील."

"घाबरावं म्हणूनच लावायचाय," काका म्हणाले.

साहेबांनी मधला मार्ग काढला. काही दिवसांनी पुलाशी चकचकीत बोर्ड लागला: 'नदी आपली माता आहे. तिला स्वच्छ ठेवा.'

काका बोर्डाकडे बघत म्हणाले, "माणूस तिरडीवर, आणि घरचे सांगतायत, तब्येतीला जपा."

आम्ही हसलो. संतोष हसला नाही. "हे वाचून ताईनं काय करायचं?" एवढंच त्यानं विचारलं.

*

मग आम्ही ऐन उन्हाळ्यात पाण्याचा नमुना तपासायला दिला. रिपोर्ट आला पावसाळा संपल्यावर. रिपोर्ट वाईट, पण संतोष खूश. आता गावात बोर्ड नक्की, म्हणून तो मला घेऊन त्याच ऑफिसात गेला.

टेबलामागच्या बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला. "हे उन्हाळ्यातलं पाणी. ते कधीच उजनी धरणात पोचलं. आजचं पाणी कसंय, ते यात कुठाय?"

"मग आजचं तपासा."

"द्या की नमुना. तो रिपोर्ट येईल तेव्हा बघू."

मला भयंकर चीड आली. दोन शब्द सुनवावेत असं वाटत होतं, पण संतोषनं कागदाची घडी करून खिशात घातली आणि बाहेर येऊन गाडीला किक मारली.

*

वैशालीनं शेवटी स्वतःच पोस्टर्स केली. त्यातलं एक नदीकाठच्या सोसायटीच्या भिंतीवर लावलं, तर चेअरमन धावत आले.

"तुम्ही आमच्या परिसराची बदनामी करताय."

"अहो, तुम्हाला वास नाही येत?"

"येतो ना. म्हणून आम्ही त्या बाजूच्या खिडक्याच उघडत नाही. कशी वाटली आयडिया?"

दुसऱ्या दिवशी पोस्टर गायब. त्या जागी नवी पाटी: 'येथे पोस्टर लावू नये.' ही मात्र एका दिवसात लागली!

*

एवढं झाल्यावर आम्ही बोर्डाचा नाद सोडला आणि एका रविवारी सरळ लोणीला गेलो. कुसुमताईच्या रानात आजूबाजूच्या आठ-दहा बायका जमल्या होत्या. काकांनी सोप्या भाषेत समजावलं. या पाण्यात काय काय असतं, अनवाणी का उतरू नये, यावर पालेभाजी का करू नये. वैशालीनं मोबाइलवर फोटो दाखवले. संतोष ताईच्या हातांकडे बघत होता.

"समदं खरं हाय सर," कुसुमताई म्हणाली. "पर कॅनॉलचं पाणी सगळ्या रानाला पुरत न्हाई. मग हितं उतरावंच लागतं."

काका म्हणाले, "बरं, निदान लेकरांना तरी ही भाजी खायला घालू नका."

"लेकरांना?" ती मनगट खाजवत म्हणाली. "ही भाजी आमच्यात कोनच खात न्हाई. घरासाठी तिकडं कॅनॉलच्या पाण्यावर दोन वाफे येगळे हायेत."

"मग ही?" वैशालीनं विचारलं.

"ही पुण्याला जाती. रोज टेम्पो येतो."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. संतोष नदीकडे तोंड करून उभा होता.

आम्ही निघालो, तशी कुसुमताई पलीकडच्या वाफ्यात गेली. पालक उपटून तिनं जुड्या बांधल्या आणि प्रत्येकाच्या हातात एकेक दिली.

"ही बिनघोर खा," ती म्हणाली. "ही घरची हाय."