अंबाडीच्या फुलाखाली

मित्रहो, आपल्या वनस्पती-मंडळाच्या फिरत्या वहीत आजची चूक आजच लिहून टाकतो.

सकाळी कर्जतजवळ काशीबाईंच्या शेतावर गेलो होतो. दुष्काळात त्यांचं अंबाडीचं बी संपलं. यंदा बांधावर जेमतेम चार झाडं उगवली, तीही रानभेंडीत मिसळलेली. दोन्हींची फुलं पिवळी, मध्ये गडद जांभळी.

"गुरुजी, बी कुनाचं धरू?"

मी मोठ्या फुलाची झाडं दाखवली. बाकीची म्हशीला चारा म्हणून कापायला त्यांनी विळा लावला, तेव्हा मला शंका आली.

"थांबा!"

फुलं उलटी करून पाहिली. अंबाडीच्या फुलाखालच्या हिरव्या पेल्याला पाच टोकं असतात आणि फूल गळलं तरी तो बोंडाला धरून राहतो. रानभेंडीचा पेला एका बाजूनं फाटतो आणि फुलाबरोबरच गळतो. मी दाखवली होती ती रानभेंडी!

काशीबाई हसल्या. "व्हय, पान चावलं तवा मला दुसऱ्याच झाडांचं आंबट लागलं हुतं."

"मग कापत का होता?"

"तुमी शिकलेलं मानूस. म्हटलं, माझीच जीभ चुकली आसंल."

पेल्याची खूण आता मी छातीठोकपणे सांगेन. पण सांगण्याआधी समोरच्याला काय ठाऊक आहे, हे तुम्ही विचारता का? मी आज विचारलं नव्हतं.