पेरवांखाली गेलेली अर्धी बातमी

राहात्याच्या पेरूच्या बागांमध्ये मी आता बरीच वर्षं काढली. माहेर भंडाऱ्याकडचं, सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, आमचे हे टेम्पोवर कामाला इकडे आले आणि त्यांच्यामागे मी. घरापासून इतकं लांब आले की आधी बोलणंच बंद झालं होतं माझं. पण हाताला काम मिळालं आणि कामावरच्या बाया चांगल्या निघाल्या, म्हणून निभावलं.

आमचं काम प्रतवारीचं. सकाळी तोडलेला माल शेडमध्ये येतो. मोठे पेरू वेगळे, डागी वेगळे काढायचे आणि क्रेटला आतून रद्दीचा पेपर लावून भरायचे. पेपर लावता लावता वाचायची मला खोड. एक दिवस अशीच एक बातमी हाताला लागली. झोपेच्या तक्रारी आणि काही कॅन्सर यांचं नातं माणसाच्या जनुकांत सापडतंय, असं काहीतरी. जनुकं म्हणजे आईबापाकडून येतात ती, एवढं मला कळत होतं. पुढे पान फाटलेलं. उरलेला तुकडा शोधायला गेले तर तो कुठल्यातरी क्रेटात पेरवांखाली, आणि क्रेट टेम्पोत चढून रवाना झालेला.

माझे हात थांबले. आई छातीच्या कॅन्सरनं गेली. तिला कधी धड झोप लागायची नाही. मलाही लागत नाही. पुढची बातमी मग माझी मीच मनात पुरी केली.

"ए भातवाले!" मोठ्या मावशी ओरडल्या. आमच्या टोळीत त्या थोरल्या. मी रोज डब्यात भात आणते म्हणून हे नाव त्यांनीच ठेवलेलं. "पेपर वाचायला आली का क्रेट भरायला? कलेक्टर व्हायचं तेवढं राह्यलं बघ तुझं."

सगळ्या हसल्या. मला रडूच आलं. मग सांगावं लागलं.

शेजारी बसणाऱ्या भाभी म्हणाल्या, "अर्ध्या बातमीवर कुनी एवढं घाबरतं व्हय? जाऊन डाक्टरला दाखव की."

"नको. निघालं काही तर?"

"अन् न्हाई निघालं तर?" मावशी म्हणाल्या. "मंग एवढं रडलेलं कुनाकडनं भरून घेती?"

मी नकोच म्हणत राहिले. तेव्हा मावशींनी हातातला पेरू खाली ठेवला. "मंग आपुन सावड करू. आधी हिची तपासनी, मंग माझी, मंग भाभीची."

सावड ही इकडची रीत. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. खुरपणीला, कांदे लावायला सावड असते हे मी पाहिलं होतं. दवाखान्याची सावड पहिल्यांदाच ऐकली. मी नाही म्हटलं असतं तर त्यांच्याही तपासण्या राहिल्या असत्या. मावशींनी मला बरोबर अडकवलं.

ठरल्या दिवशी माझं काम बाकीच्यांनी वाटून घेतलं. मावशी आणि भाभी माझ्या दोन बाजूंना, अशा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरबाईंपुढे मी सगळं एका दमात सांगितलं. आईला कितव्या वर्षी झाला, घरात आणखी कुणाला होता का, त्यांनी नीट विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "बातमी खोटी नाही. जनुकांतले काही बारीक फरक झोपेच्या तक्रारींशी जोडलेले दिसतात आणि काही कॅन्सरशीही. पण हे खूप माणसं एकत्र पाहिली की दिसतं. तुमचं एकटीचं काय होणार, ते त्यावरून सांगता येत नाही. झोप लागत नाही म्हणजे कॅन्सर होणारच, असं तर मुळीच नाही. तुमच्या आईला होता, मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून तपासू."

"अन् झोपंचं?" मावशींनी मधेच विचारलं.

"त्याचा वेगळा इलाज करू. दुपारनंतर चहा किती घेता?"

माझ्याआधी भाभीच बोलल्या, "मोजत न्हाई ती."

तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. मी आत असताना मावशी बाहेरच्या बाकावर अनोळखी बायांना पेरूचे भाव सांगत होत्या म्हणे. गाठ कुठं नव्हती. वर्षातून एकदा येत जा, म्हणाल्या डॉक्टरबाई, आणि बहीण असेल तर तिलाही सांगा.

धाकटी बहीण तिकडेच, भंडाऱ्याकडे दिलेली. दवाखान्याच्या पायरीवरूनच तिला फोन लावला.

बातमीपासून तपासणीपर्यंत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले बी झोप येत नाही, ताई. म्हणूनच भेव लागते. एकटी कशी जाऊ?"

"धानाच्या रोवण्याला ज्या बायांसंग जातेस, त्यांना सांग."

"त्या काऊन येतील माझ्यासाठी?"

शेजारी मावशी कान देऊन ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातला फोनच ओढून घेतला. "ए पोरी, इचारून तर बघ त्यास्नी. न्हाई आल्या तर आमी येतो." आणि फोन तसाच कानाला ठेवून मला विचारलं, "किती लांब हाय गं हिचं गाव?"

मी सांगितलं, रेल्वेनं एक आख्खा दिवस आणि वर थोडं.

मावशी जराही गडबडल्या नाहीत. "मंग दोन टायमाची भाकरी बांधून घेऊ," म्हणाल्या.